राधानगरीच्या अरण्यांतील सस्तन प्राणी व आपलीं शेतें

ज्या वाचकांचीं शेतें डोंगराच्या पायथ्याशीं आहेत, त्यांस रानटी जनावरांची ओळख निराळी करून देण्याचें कारण नाहीं, असें प्रथमदर्शनीं वाटेल. ज्याच्या उभ्या उंसांत गव्यांचा कळप रात्रभर हिंडून गेला, त्यानें गवा पाहिलेलाच असतो. परंतु पाहणें निराळें आणि जाणणें निराळें. तें जनावर राहतें कोठें, खातें काय, अरण्य सोडून आपल्या बांधावर येतें कां, आणि गेल्यावर मागें कोणती खूण ठेवतें, हें ज्यास सांगतां येतें त्याचें नुकसान कमी होतें. व झालेंच, तर तें कागदावर सिद्ध करतां येतें.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें. प्राणिशास्त्राचे पंडित म्हणवून घेण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तथापि पंचनामे लिहितांना जें पाहिलें, चुकलों तेथें जें शिकलों, आणि पुढें ग्रंथांवरून व जाणत्या वनरक्षकांकडून जें पडताळून घेतलें, तें शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों. उदाहरणादाखल कोल्हापूर जिल्ह्यांतील राधानगरीचें अभयारण्य घेतलें आहे. कारण तेथें जंगल, धरण आणि ऊंस हीं तिन्ही एकमेकांस लागून आहेत.

अरण्याची ठेवण

हें अभयारण्य सह्याद्रीच्या माथ्यावर, फोंडा घाटाच्या वरच्या अंगास पसरलेलें आहे. पूर्वीं तें कोल्हापूरच्या छत्रपतींचें शिकारीचें रान होतें. १९५८ सालीं दाजीपूरच्या भागास गव्यांसाठीं म्हणून संरक्षण मिळालें. महाराष्ट्रांतील अभयारण्यांत हें सर्वांत जुनें गणतात. १९८५ सालीं त्याची हद्द वाढली, राधानगरी हें नांव मिळालें, व क्षेत्र सुमारें ३५१ चौरस किलोमीटर झालें. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ३९ स्थळें जागतिक वारसा म्हणून मान्य झालीं. त्यांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी हीं चार महाराष्ट्रांतील आहेत.

या मुलखांत पाऊस शंभर इंचांहून पुष्कळ अधिक पडतो. भोगावतीवरील राधानगरीचें धरण राजर्षि शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत सुरू झालें. दूधगंगेवरील काळम्मावाडीचें धरण त्यानंतरचें. भोगावती पुढें पंचगंगेस मिळते व पंचगंगा नरसोबाच्या वाडीस कृष्णेंत जाते. म्हणजे करवीर तालुक्यांत ज्याचा पंप नदीवर चालतो, त्याच्या सरींतील पाणी याच डोंगरावर पडलेलें असतें. तें पाणी एकदम वाहून न जातां झिरपत झिरपत उतरावें, हें काम तेथील झाडी करते. हें ध्यानांत ठेवल्यास अरण्य हें केवळ श्वापदांचें घर नसून आपल्या विहिरीचाही एक भाग आहे, हें पटेल.

सस्तन प्राणी म्हणजे पिलांस दूध पाजणारे प्राणी. यांत गवा व वाघ येतात, तसे मुंगूस, उंदीर व वटवाघूळही येतात. प्रत्येकाचें राहण्याचें ठिकाण ठरलेलें असतें. या अरण्यांत अशा जागा मुख्यत्वें चार आहेत.

पहिली जागा घळींतील दाट झाडीची. जांभूळ, अंजनी, पिसा, फणस, आंबा, हिरडा यांच्या फांद्या येथें एकमेकींत गुंतलेल्या असतात. खालीं कारवीची गर्दी. ऊन जमिनीवर क्वचित पडतें व पाचोळ्याखालची ओल उन्हाळ्यांतही टिकते. दुसरी जागा पानझडीच्या रानाची. तेथें ऐन, किंजळ, नाणा अशीं झाडें असतात व उन्हाळ्यांत सावली विरळ होते. तिसरी जागा सड्यांची, म्हणजे जांभा खडकाच्या सपाट पठारांची. तेथें माती थोडी. पावसाळ्यांत गवत व रानफुलें दाट उगवतात आणि शिमग्यापर्यंत सर्व वाळून जातें. चौथी जागा पाण्याकांठची. उन्हाळ्यांत जलाशयाचें पाणी उतरलें म्हणजे उघड्या पडलेल्या गाळावर कोंवळें गवत फुटतें, व तेथें चरावयास जनावरें येतात.

गवा

या अरण्याचा मुख्य मानकरी गवा होय. इंग्रजींत यास बायसन म्हणण्याची चाल पडली, ती चुकीची आहे. खरे बायसन अमेरिकेंत व युरोपांत असतात. आपल्याकडे गवारेडा म्हणतात, तेंही नांव फसवें आहे. गवा रेड्याचा भाऊ नसून गाईबैलांच्या कुळांतील आहे. ईशान्येकडील डोंगरी लोक पाळतात तो मिथुन गव्यापासूनच झाला, असें शास्त्रज्ञ मानतात. गवा रेड्यासारखा चिखलांत लोळत पडत नाहीं, ही खूण लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

पूर्ण वाढलेला नर खांद्याशीं पुरुषभर उंच होतो, व त्याचें वजन ६०० पासून १००० किलोपर्यंत भरतें. मादी लहान असते. रंग नराचा काळा, मादीचा तपकिरी. गुडघ्यापासून खालीं चारही पाय पांढुरके, जणूं मोजे घातले आहेत. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत मांसाचा उंच कणा असतो व तो तेथें एकदम उतरतो. बैलाच्या वशिंडाहून तो निराळा दिसतो. शिंगें नरमादी दोहोंस असतात. मादीस सुमारें नऊ महिन्यांनीं बहुधा एकच वासरूं होतें.

कळप बहुधा आठबारांचा असतो व त्याची वाट प्रौढ मादी ठरविते. म्हातारा नर पुष्कळदां एकटा राहतो. गवत हें गव्याचें मुख्य अन्न. त्याखेरीज बांबूचे कोंब, पाला, फळें व झाडांची सालही तो खातो. मिठाची त्यास फार ओढ असून खारट मातीच्या जागा तो शोधून काढतो. सकाळीं व सायंकाळीं चरावें, दुपारीं दाट सावलींत रवंथ करावा, हा त्याचा नेम. जेथें माणसांचा त्रास, तेथें तो नेम मोडून रात्रीं चरूं लागतो. म्हणून गव्यास सडा, सावली आणि पाणी हीं तिन्ही एकमेकांजवळ लागतात. यांतील एक तुटलें कीं तो दुसरीकडे पाहूं लागतो.

इतर प्राणी

घळींतील दाट झाडींत शेकरूं राहतें. ही मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तें झाडावरून झाडावर उड्या घेत हिंडतें व जमिनीवर क्वचित उतरतें. म्हणून मधलीं चार झाडें तोडलीं तर त्याचा रस्ताच मोडतो. त्याच झाडीच्या तळाशीं पिसोरी असते. हें हरणासारखें दिसणारें इवलेंसें जनावर फूटभर उंचीचें, अंगावर पांढरे ठिपके व पट्टे असलेलें, शिंगें नसलेलें आहे. तें पाचोळ्यांत असें मिसळून जातें कीं, पायाखालीं येईपर्यंत दिसत नाहीं.

झाडीच्या कडेस भेकर असतें. त्याची शिंगें आखूड. भ्यालें म्हणजे तें कुत्र्यासारखें भुंकतें. सांबर हें आपल्याकडील हरणांत सर्वांत मोठें. नराचीं शिंगें दरवर्षीं गळून नवीं येतात. म्हणून रानांत पडलेलें शिंग म्हणजे मारलेलें सांबर, असें समजूं नये. तथापि तें उचलून घरीं आणणेंही कायद्यास धरून नाहीं.

अस्वल खडकांच्या कपारींत राहतें. वाळवी, मुंग्या, मध, जांभळें, करवंदें, उंबरें हें त्याचें खाणें. फळें खाऊन तें दूरवर बिया टाकतें, व अशा रीतीनें नकळत झाडें लावतें. खवले मांजराच्या अंगावर केंसांच्या जागीं खवले असतात. तें केवळ मुंग्या व वाळवी खाऊन राहतें. वाळवीनें ज्यांच्या घराचे वासे पोखरले असतील, त्यांस या प्राण्याचा उपयोग निराळा सांगावयास नको. दुर्दैवानें खवल्यांच्या चोरट्या व्यापारापायीं त्याची फार हत्या होते.

मांसाहारी प्राण्यांत बिबट्या व रानकुत्रा हे मुख्य. रानकुत्र्यास कोळसुंदा असेंही म्हणतात. तो टोळीनें व बहुधा दिवसा शिकार करतो, आणि भुंकण्याऐवजीं शीळ घालून एकमेकांस बोलावतो. सांबर, भेकर व डुकरांचीं पिलें हें त्याचें भक्ष्य. बिबट्या एकटा व रात्रीं फिरतो. मोकाट कुत्रीं मिळतात म्हणून तो गांवाकडे वळतो. वाघाचा वावर येथें अधूनमधून असतो. कारण हें अरण्य उत्तरेस चांदोलीपासून दक्षिणेस गोवा व कर्नाटकच्या जंगलांपर्यंत जाणाऱ्या त्याच्या वाटेवर आहे. चांदोली व कोयना मिळून २०१० सालीं सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला.

याशिवाय साळिंदर, ससा, उदमांजर, मुंगूस, वानर व माकड हे आहेतच. रानडुक्कर सर्वांच्या ओळखीचें. त्यास अरण्याचीच गरज आहे असें नाहीं. ओढ्याकांठच्या घाणेरीच्या जाळींत तें सुखानें राहतें, व मादीस एका वेळीं चारसहा पिलें होतात. आमच्या समजुतीप्रमाणें शेतकऱ्याचा खरा शेजारी तेंच. गवा हा पाहुणा आहे.

गवा बाहेर कां येतो

‘गवे फार माजले’ असें म्हणून पुष्कळ लोक विषय संपवितात. आम्हीही बरींच वर्षें असेंच म्हणत होतों. वस्तुस्थिति इतकी सोपी नाहीं.

पहिलें कारण गवताचें. सड्यावरील गवत उन्हाळ्यांत वाळतें. ज्या गवताळ जागा दऱ्यांत उरल्या होत्या, त्यांत रानमोडी व घाणेरी माजली. हीं दोन्ही झुडपें परदेशांतून आलेलीं असून गवा त्यांस तोंड लावीत नाहीं. त्यांत भर वणव्याची. नवें गवत चांगलें फुटावें म्हणून सड्यास काडी लावण्याची चाल आपल्यांत आहे. आग सड्यावर थांबत नाहीं. ती घळींत उतरते, रोपटीं व बी जाळते, आणि रानमोडीस मोकळी जागा करून देते. सह्याद्रीच्या कांहीं सड्यांवर बॉक्साइटसाठीं खोदकामही झालें. तेथील माती गेली ती गेली.

दुसरें कारण आपल्या उंसाचें. पूर्वीं डोंगराकडेच्या जमिनींत भात, नाचणी, वरी अशीं पावसाळी पिकें होत. दिवाळीनंतर शेत मोकळें असे, आणि ज्या दिवसांत जंगलांत गवत नसे, त्या दिवसांत शेतांतही खाण्यासारखें कांहीं नसे. धरणाचें पाणी आलें, पंप बसले व ऊंस जंगलाच्या कडेपर्यंत गेला. आतां चैत्रवैशाखांत सर्व डोंगर पिवळा पडला असतां खालीं हिरवागार, गोड रसाचा, लपण्यास सोयीचा पट्टा उभा असतो. आपल्या बैलानें तो पाहिला तर तोही दावें तोडील. मग गव्यास काय म्हणावें? ऊंस लावूं नये असें आम्ही म्हणत नाहीं; आमचेंही दीड एकर आहे. परंतु तो लावून आपण गव्यास निमंत्रण धाडलें, एवढें तरी कबूल केलें पाहिजे.

तिसरें कारण गुरांचें. आपलीं गुरें जंगलांत चरतात, तेव्हां गवताचा वांटा तर घेतातच, पण रोगही नेतात. गवा गाईच्या कुळांतील असल्यामुळें तिचे रोग त्यास जडतात. १९६८ सालीं दक्षिणेकडील बंदीपूर व मुदुमलाईच्या जंगलांत बुळकांड्याच्या सांथीनें गव्यांचा मोठा संहार झाला. तो रोग जगांतून नाहींसा झाल्याचें २०११ सालीं जाहीर झालें. परंतु लाळ-खुरकूत अद्याप आहे. आणि रोगाची वाट दोन्हीकडून चालते, हें विसरूं नये.

खुणा व आमची एक चूक

आतां आमच्याकडून घडलेली एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. नोकरीच्या मधल्या काळांत डोंगराकडेच्या एका गांवीं पिकाच्या नुकसानीचा पंचनामा लिहिण्यास आम्ही गेलों होतों. पाऊण एकर ऊंस होता, मालक वृद्ध. सरींतून खुरांच्या खुणा होत्या, शेण पडलें होतें, वाढें ओरबाडलें होतें. शेण व खूर पाहून एक पंच म्हणाला, “हीं शेजारच्या वाडीचीं मोकाट गुरें.” दिवस मावळतीस आला होता व परतीची एस.टी. चुकवून चालण्यासारखें नव्हतें. आम्हीं तसेंच लिहिलें. तो म्हातारा एवढेंच म्हणाला, “भाऊसाहेब, गुरं वाढं खात्याली, पर गडगा कोण पाडंल?” वरच्या अंगाचा दगडी गडगा ढासळला होता, व दगड आंतल्या बाजूस पडले होते. जंगल त्याच अंगास होतें. आम्हीं तिकडे जाऊन पाहिलें नाहीं.

मोकाट गुरांच्या नुकसानीस वनखात्याकडून भरपाई नसते. अर्ज नामंजूर झाला. चारच दिवसांनीं त्या शेतांत गवे लोकांनीं डोळ्यांनीं पाहिले. परंतु आमच्या सहीचा कागद तोंपर्यंत पुढें गेला होता, व तो परत फिरविण्याची खटपट आम्हीं केली नाहीं. पुढल्या वर्षीं म्हाताऱ्यानें तें शेत पडीक टाकलें. निवृत्त झाल्यावर आम्ही मुद्दाम त्या गांवीं जाऊन आलों. म्हातारा आतां नाहीं. शेतांत छातीभर घाणेरी माजली आहे, तींत डुकरें राहतात, आणि खालच्या पांचसहा शेतांस त्यांचा उपद्रव होतो. एका ओळीच्या चुकीचा हा विस्तार आहे. म्हणून पुढील खुणा आम्ही सविस्तर देत आहों. कारण भरपाईच्या नियमांत जनावरांचीं नांवें घालून दिलेलीं असतात, व नांव चुकलें तर सर्वच चुकतें.

गव्याचा खूर बैलाच्याच घडणीचा. परंतु माग मोठा, दोन पावलांतील अंतर अधिक, व ओल्या मातींत ठसा खोल. शेणही गुरांसारखेंच. म्हणून एका खुणेवर निवाडा करूं नये. माग कोणीकडून आला व कोणीकडे गेला हें पाहावें. जंगलाकडून येऊन जंगलाकडेच जात असेल, गडगा किंवा कुंपण मोडलें असेल, तर तो गवा. गवा उंसाचे शेंडे व पाला खातो, आणि खाण्याहून तुडवितो अधिक. भाताचा शेंडा कापल्यासारखा खाल्लेला असतो.

रानडुकराचा ठसा दोन खुरांचा. मऊ मातींत त्यामागें बाजूस दोन लहान खुरट्या उमटतात. तें ऊंस बुडाशीं मोडतें, चघळतें व चोयट्या टाकतें. भुईमुगांत नांगरल्यासारखी उकर दिसते. अंगास लागलेला चिखल तें झाडास घांसतें. तो चिखल कमरेच्या खालींच सांपडतो. सांबरही चिखलांत लोळतें, पण त्यानें घांसलेली खूण अधिक उंच असते. त्याचा खूर टोंकदार, व लेंड्या लांबट गोळ्यांसारख्या.

साळिंदर बुडाशींच कुरतडतें, परंतु दांतांचे ठसे स्वच्छ उठतात, व शोधल्यास जवळ एखादा कांटा सांपडतो. वानर व माकडें दिवसा येतात, अर्धवट खाऊन फेकतात. त्यांचा साक्षीदार मिळतोच. गोठ्यांतील वासरूं किंवा शेरडूं गेलें तर ठसा नीट पाहावा. बिबट्या चालतांना नखें आंत ओढून घेतो, म्हणून ठशांत नखें उमटत नाहींत. कुत्र्याच्या व रानकुत्र्याच्या ठशांत तीं उमटतात. अस्वलाच्या ठशांत पांच बोटें व पुढें लांब नखांच्या रेघा असतात.

ठशाशेजारीं हाताची वीत किंवा पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावें. आतां बहुतेकांच्या खिशांत फोन असतो, तेव्हां ही सबब चालणार नाहीं. पाऊस येण्याचा संभव असेल तर ठशावर घमेलें उपडें घालावें.

काय करावें व काय करूं नये

सर्वप्रथम, जें करूं नये तें सांगतों. कुंपणास घरची वीज थेट सोडूं नये. ती गवा, बैल व माणूस यांत भेद करीत नाहीं, आणि पहाटे पाणी पाजावयास गेलेला आपलाच मुलगा त्या तारेवर पडूं शकतो. गवा, बिबट्या, अस्वल व खवले मांजर हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. त्यांस मारणें हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. सौरकुंपणाचा झटका क्षणभराचा असतो. तो जनावरास परतवितो, मारीत नाहीं. मात्र एकट्यानें कुंपण घातल्यास गवा शेजाऱ्याच्या शेतांत शिरतो. म्हणून तें शिवाराच्या कडेनें सर्वांनीं मिळून घालावें, व तारांवर वेल चढूं देऊं नयेत. वनखात्याच्या योजनांतून यासाठीं साहाय्य मिळत आलें आहे. त्याची चौकशी सोसायटीनें करावी.

दुसरें, गवा दिसल्यास गर्दी करूं नये. २०२० सालच्या डिसेंबरांत पुण्यांत कोथरूड भागीं एक गवा वाट चुकून आला. लोकांचा जमाव त्याच्या मागें धांवला. गवा भिंतींवर धडकला, दमला, पकडला गेला आणि त्याच दिवशीं मेला. एवढें बलाढ्य जनावर भीतीनें व दमछाकीनें मरतें, हें त्या दिवशीं सर्वांनीं पाहिलें. उलट पक्षीं, कोंडलेला गवा माणसास शिंगावर घेण्यास क्षणही लावीत नाहीं. म्हणून त्याची जंगलाकडील वाट मोकळी ठेवावी व दुरूनच आवाज करावा. एकटा नर, किंवा वासरूं असलेली मादी, यांच्या जवळ जाऊं नये. रात्रीं राखणीस एकट्यानें जाऊं नये.

आतां करण्याच्या गोष्टी सारांशानें देतों.

१. जंगलास लागून असलेल्या पहिल्या पट्ट्यांत ऊंस घेऊं नये. निदान मधें दहावीस पावलें जागा झाडून मोकळी ठेवावी, म्हणजे गव्यास आडोसा मिळत नाहीं व राखणदारास तो दिसतो.

२. बांधावरील, ओढ्यांतील व पडीक शेतांतील घाणेरी दरवर्षीं मुळासकट काढावी. डुकरांचा निम्मा बंदोबस्त यांतच आहे.

३. सड्यास काडी लावूं नये, व लावणारास गांवानें रोखावें.

४. गुरांस लाळ-खुरकुताची लस वर्षांतून दोन वेळां टोंचावी. आजारी जनावर चरावयास सोडूं नये, व मेलेलें जनावर ओढ्यांत टाकूं नये.

५. राखण पाळीपाळीनें करावी. दहा शेतकऱ्यांची एक पाळी ठरली, तर दहा दिवसांनीं एक रात्र जागावें लागतें.

६. नुकसान झाल्यास त्याच दिवशीं वनरक्षकास लेखी कळवावें व पोंच घ्यावी. कळविण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. सात-बारा, पीकपाहणीची नोंद व गट नंबर हीं हाताशीं ठेवावीं. पंचनामा वाचून घेतल्याशिवाय सही करूं नये. लिहिणारा घाईंत असेल, तर त्यास गडग्यापाशीं घेऊन जावें.

याखेरीज आमची एक सूचना आहे. प्रत्येक गांवच्या सोसायटीनें एक नोंदवही घालावी. तींत तारीख, गट नंबर, पीक, किती गुंठे गेले, कोणतें जनावर, आणि कोणत्या खुणेवरून ओळखलें, एवढे सहा रकाने असावेत. दोन वर्षांच्या नोंदींवरून गवे कोणत्या महिन्यांत व कोणत्या वाटेनें उतरतात तें स्पष्ट होईल. म्हणजे कुंपण कोठें घालावें व राखण केव्हां करावी हें अंदाजानें ठरवावें लागणार नाहीं. कचेरींत तोंडी तक्रारीस किंमत नसते, वहीस असते. हें आम्ही आयुष्यभर टेबलाच्या पलीकडल्या बाजूस बसून पाहिलें आहे. अशी वही घालण्यास कोणा सोसायटीस रकाने आंखून हवे असतील, तर आम्ही ते आनंदानें आंखून देऊं. त्या पाऊण एकराचें देणें आमच्याकडे अद्याप बाकी आहे.